चढावरचा माणूस

हिरालालने प्रोजेक्टरमधला तापलेला दिवा फडक्यात धरून काढला आणि खिडकीवर टांगलेल्या घोंगडीची कड सारून उजेडात पाहिला. काच आतून काळी पडली होती.

"यानंच अंधारं दिसून राह्यलं," तो म्हणाला. "थांबा मावशी, दुसरा लावतो."

कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या हॉलमध्ये दुपारच्या वेळी त्याच्याखेरीज तिघीच होत्या. पुढच्या बाकावर अंजनाबाई, त्यांच्या मांडीवर तीन वर्षांची नात जया, आणि दाराशी उभी असलेली सून सत्यशीला.

गेल्या रविवारी हिरालालने मैदानात कारखान्याच्या बांधकामाचा सिनेमा दाखवला होता. चित्र मळकट होतं. तरीही घमेलं डोक्यावर घेऊन फळीच्या चढावरून जाणारा एक माणूस दिसला आणि अंजनाबाई गर्दीत उभ्या राहून ओरडल्या, "माहा चंपत!" याच बांधकामावर मजुरी करणाऱ्या त्यांच्या मुलाला, चंपतला, जाऊन दोन वर्षं होत आली होती. कावीळ झाली आणि आठ दिवसांत संपला. दुर्गला जाऊन सगळ्यांचा फोटो काढू, असं तो म्हणत राहिला आणि ते राहूनच गेलं. जया तेव्हा नीट उभीही राहत नव्हती.

चार दिवस अंजनाबाई हिरालालच्या मागे लागल्या होत्या. पोरीला तिचा बाप एकदा दाखवा, एवढंच.

"अंधुकात मानूस कसा वळखू येते, आत्या?" सत्यशीला दारातूनच म्हणाली. सकाळपासून हे ती तिसऱ्यांदा म्हणत होती.

"चालीवरून. डावा खांदा पाडून चाले तो. मी माय होय त्याची."

नव्या दिव्यानेही फारसा फरक पडला नाही. हिरालालने भिंग पुसलं. वायर हलवून पाहिली. मग मागचं झाकण उघडून त्याने आत बोट घातलं, तर दिव्यामागचा वाटीएवढा आरसा एका बाजूला कलला होता आणि त्यावर काजळीचा थर होता. त्याने तो मलमलीने हळूहळू पुसला, सरळ बसवला आणि बटण दाबलं.

पडदा लख्ख उजळला. लोखंडी सळ्या एकेक मोजता येत होत्या. फळ्यांवर सांडलेलं ओलं काँक्रीट चमकत होतं. मग तो माणूस आला, डावा खांदा पाडून. वर पोचला, घमेलं रिकामं केलं आणि घाम पुसत कॅमेऱ्याकडे वळला.

चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. कानात पितळी बाळी. वय चंपतपेक्षा दहा वर्षांनी तरी जास्त. तो जरासा हसला आणि उतरून गेला.

हिरालाल यंत्रावर वाकून राहिला. दुरुस्त करायचं आता काही उरलं नव्हतं.

"आजी, हा माहा बाबा?" जयाने पडद्याकडे बोट केलं.

सत्यशीला दारातून झपाझप पुढे आली. "हो, हाच..."

"नाही व माय," अंजनाबाई म्हणाल्या. नातीच्या पाठीवरून फिरणारा त्यांचा हात तेवढा थांबला होता. "हा दुसऱ्या कोन्या पोरीचा बाबा होय."

रीळ संपलं. सुटलेलं टोक चाकावर फटफट वाजू लागलं, तसं हिरालालने यंत्र बंद केलं. अंजनाबाई पदर सावरून, जयाला कडेवर घेऊन उठू लागल्या. त्या एकदम थकलेल्या दिसत होत्या.

"मावशी," हिरालाल चाचरत म्हणाला, "याच्या रिळांचे अजून तीन डबे आहेत. मी लावत नाही, लोक कंटाळतात. नुसते कामावरचे मानसंच आहेत त्यात. लई मानसं."

अंजनाबाईंनी सुनेकडे पाहिलं. सत्यशीला कोऱ्या पडद्यासमोरून मागे वळली. मग ती बाकावर बसली आणि सासूच्या कडेवरून जयाला आपल्या मांडीवर घेतलं.

"लावा भाऊ," ती म्हणाली. "हळू चालवता येते का?"