आकारामच्या मुठीतली हॉकी स्टिक

संध्याकाळी सव्वापाच वाजता संघाचा कप्तान लालासाहेब, त्याची स्टिक मोडली. सांगलीच्या कॉलेजचं मैदान, १९४७ सालचा जानेवारी. साताऱ्याचा संघ एका गोलने पुढे होता. प्रिन्सिपॉलसाहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की, यंदाही हरलात तर हॉकी बंद.

मित्रांनो, मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. त्या वेळी मी खेळात नव्हते. मैदानाच्या कडेला आकारामच्या हातात उलटी उभी होते. माझं वाकडं टोक त्याच्या मुठीत आणि माझी मूठ जमिनीवर.

माझा जन्म सियालकोटचा. अंग तुतीच्या लाकडाचं, मूठ वेताची. आकाराम पलटणीच्या संघात खेळायचा. महायुद्धात मी त्याच्याबरोबर इटलीपर्यंत गेले. तिथे त्याचा गुडघा गेला. घरी आल्यावर त्याने माझ्या मुठीला टायरचा तुकडा बांधला आणि मी त्याची काठी झाले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याचा भार मी कधी टाकला नाही.

कॉलेजला हॉकीचा शिक्षक मिळेना, म्हणून तालमीतले भाऊसो वस्ताद नेमले गेले होते. पोरांची अंगं त्यांनी लोखंडासारखी केली. पण शिकवणी कुस्तीची होती. समोरच्या गड्याला एकट्याने भिडायचं. चेंडू सोबत्याला देणं म्हणजे पाठ दाखवणं! संघ दोन वर्षं हरत होता आणि आकाराम कडेला उभा राहून चडफडत होता.

"आवं वस्ताद, अकरा गडी हायती आपलं! एकटा किती जणांस्नी पाडंल?"

"गुडघा गेला, पर तोंड लय पळतंय रं तुझं," वस्ताद म्हणायचे आणि लोक हसायचे.

त्या दिवशी लालासाहेब मोडकी स्टिक घेऊन कडेला आला. युद्धापासून चांगल्या स्टिका मिळत नव्हत्या, जादा एकही नव्हती. आकारामने माझ्या मुठीचं रबर दातांनी ओढून काढलं.

"घे. जरा जड हाय, पर इमानी हाय."

मी गेले आणि आकारामचा तोल गेला. त्याने शेजारचा खांदा धरला. तो वस्तादांचा होता.

"दमानं," वस्ताद म्हणाले. खांदा मात्र त्यांनी काढून घेतला नाही.

किती दिवसांनी मी सुलटी झाले होते! लालासाहेब चेंडू घेऊन एकटाच घुसला. साताऱ्याच्या तिघांनी त्याला घेरलं. उजवीकडे आपलाच जोतीराम मोकळा होता.

"दे!" आकाराम ओरडला. लालासाहेबने लक्ष दिलं नाही.

मग दुसरा आवाज आला, तालमीत घुमणारा. "लाला, दे रं त्याला! दे!"

वस्तादांचा हुकूम होता. लालासाहेबने चेंडू दिला. जोतीरामने तो परत दिला. समोर फक्त गोलकीपर. तो फटका माझ्या अंगातून गेला, मित्रांनो. गोलमागची फळी वाजली. बरोबरी!

पुढे अंधार पडेपर्यंत कोणीच गोल केला नाही. सामना पुन्हा खेळायचं ठरलं. कधी, ते ठरलं नाही. साताऱ्याची मंडळी रात्रीच्या गाडीने गेली.

त्या फटक्याने मला बारीक चीर पडली आहे. तुमच्या घरी अशी एखादी जुनी स्टिक असेल, तर तिला ओलाव्यात टाकू नका, अधूनमधून तेल पाजा. ती कधी लागेल, सांगता येत नाही.

त्या सामन्याला चारच दिवस झालेत. आज सकाळी वस्ताद जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आकारामच्या दारात आले.

"जोर-बैठका मी घेतो. ते चेंडूचं देणंघेणं तू शिकीव पोरांस्नी. आन् लाला हीच स्टिक मागतोय."

"ही खेळाया गेली, तर मैदानापतोर मी येऊ कसा?"

वस्ताद उंबऱ्यावर बसले. मला मांडीवर घेऊन ते चिरेवर तेल चोळू लागले. आकाराम आत गेला आहे. रबराचा तुकडा त्याच्याच हातात आहे, माझ्या मुठीला तो त्याने अजून परत बांधलेला नाही.