तिरसट

काकू दोन हातांत सरबताचे दोन ग्लास सावरत वरच्या डेकवर आल्या, तेव्हा काका टॉवेलांच्या घड्या घालत होते. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. पोहण्याच्या तलावाकाठची आरामखुर्च्यांची अख्खी रांग त्यांनी मोकळी केली होती. टॉवेलांवर ठेवलेले गॉगल, सपाता, पुस्तकं, कुणाची तेलाची बाटली असं सगळं ज्याचं त्याच्या खुर्चीखाली नीट मांडलं होतं आणि उन्हात ताटकळत उभ्या असलेल्या एका कुटुंबाला ते अदबीने हात करून सांगत होते, या, इथून चार तुमच्या.

काकू भराभर पुढे निघाल्या. काउंटरवर दोन माणसं पुढे होती, तेवढाच काय तो उशीर. बोटीवर कुठलीही सूचना द्यायच्या आधी टिंग, टिंग, टिंग असं तीनदा वाजायचं, आणि ते नेमकं त्या पाठमोऱ्या असताना वाजलं होतं.

ते कुटुंब बिचकत बिचकत टेकतंय तोच टोपीवाली आली. भल्यामोठ्या टोपीची ही बाई बोटीवर पहिल्याच दिवशी सगळ्यांना ठाऊक झाली होती. सोबत तिचं मोठं गणगोत होतं. रोज सकाळी नाश्त्याआधी येऊन ती आठ खुर्च्यांवर टॉवेल टाकून जायची आणि उगवायची ती थेट जेवणाच्या सुमाराला. असं करू नये म्हणून भिंतीवर नियमांची पाटी होती, पण तिच्या खिळ्याला कुणीतरी ओली चड्डी वाळत घातली होती.

कुणाला विचारून आमच्या वस्तूंना हात लावला, असं तिने साऱ्या डेकला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"रुमाल टाकून जागा अडवता येत नाही, बाई," काका शांतपणे म्हणाले. "तिसरी घंटा झाली."

काकूंनी ग्लास मिळेल त्या टेबलावर ठेवले आणि मध्ये पडल्या. "माफ करा हं. हे जरा तिरसट आहेत. पहिल्यापासूनच. तुम्ही मनावर घेऊ नका." एवढं बोलून त्यांनी काकांना दंडाला धरून तिथून काढलं. मागे टोपीवाली बराच वेळ बोलत होती. अशा माणसांना बोटीवर घेतातच कसे, हे तिचं वाक्य जिन्यापर्यंत ऐकू आलं.

तिरसट! काकांना कुणी तिरसट म्हणावं, यापेक्षा मोठा अन्याय नव्हता. शहरातल्या सगळ्यात मोठ्या नाट्यगृहात त्यांनी जन्मभर डोअरकीपरची नोकरी केली. नाट्यगृह त्यांना काका म्हणायचं, म्हणून ओघानेच या काकू झाल्या. कुणी भलत्याच खुर्चीत ठाण मांडून बसलं, तर काका त्याला असे उठवायचे, की उठणाऱ्याला आपला मान ठेवला गेला असंच वाटे. तान्हं मूल रडायला लागलं, तर आईने इकडेतिकडे बघायच्या आत तिच्यासाठी दार उघडलेलं असायचं. घरीही आवाज चढवणं त्यांना कधी जमलं नाही. लेकीला दटावायचं काम काकूंकडेच यायचं.

हा शब्द काकूंनी शोधला होता, आणि तो भीतीने शोधला होता. शेजाऱ्यांना काकांनी ओळख दाखवली नाही, तेव्हा त्या पहिल्यांदा म्हणाल्या, हल्ली तिरसट झालेत, बोलत नाहीत कुणाशी. भलत्याच गल्लीत फिरताना एका दुकानदाराने त्यांना घरी आणून सोडलं, तेव्हा म्हणाल्या, माझ्याशी भांडून तरातरा निघून गेले होते. शब्द मोठा सोयीचा निघाला. तिरसट म्हाताऱ्याला लोक टाळतात, त्याच्या माघारी नाकं मुरडतात, पण त्याला उचलून कुठे नेऊन ठेवत नाहीत.

नेऊन ठेवणं काय असतं, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. लेकीच्या सासूबाईंना असंच विसरायला होऊ लागलं, तेव्हा लेकीने चौकशा करून त्यांना चांगल्या संस्थेत ठेवलं. संस्था खरोखरच चांगली होती. चादरी पांढऱ्याशुभ्र, वेळेवर औषधं, हसतमुख नर्स. फक्त दाराला आतून कडी नव्हती, एक आकडा दाबल्यावरच ते उघडायचं. काकू भेटायला गेल्या, तेव्हा सासूबाई मांडीवर पर्स घेऊन त्या दाराशी बसल्या होत्या. आता माझं स्टेशन येईलच, म्हणाल्या. परतीच्या वाटेवर लेक म्हणाली होती की बाबांचं काही असं दिसलं तर लगेच सांग, अशा ठिकाणी आयत्या वेळी जागा मिळत नाही. ती प्रेमानेच बोलली, पण काकूंना त्या दिवसापासून तिच्या फोनची भीती वाटायला लागली.

आणि त्याच लेकीने हौसेने ही चौघांची बोटीची सहल ठरवली. नको म्हणावं तर का नको, हे सांगावं लागलं असतं. मुकाट्याने बॅगा भरल्या. बोटीवर पाऊल ठेवलं आणि तोंडचं पाणी पळालं. मजल्यावर मजले, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे बोळ, सगळी दारं एकाच रंगाची. या सगळ्याच्या कडेने छातीएवढा कठडा आणि खाली नुसतं पाणी. काका कठड्याशी उभे राहिले, की काकू त्यांच्या शर्टाचं टोक मुठीत धरायच्या. झोपताना आपल्या गाउनचा पट्टा त्यांच्या मनगटाला बांधायच्या आणि तरीही डोळ्याला डोळा लागायचा नाही. जावई कौतुकाने म्हणाला, या वयातही तुम्ही दोघं किती जवळ जवळ असता.

संध्याकाळी बोटीवरच्या थिएटरात जादूचे खेळ होते. काकूंनी डोकं दुखतंय म्हणून पाहिलं, पण लेक ऐकेना. ज्यांचा जन्म थिएटरात गेला, त्यांनाच खोलीत कोंडून ठेवायचं का, असं तिने विचारलं. ती गमतीने म्हणाली होती, पण कोंडून हा शब्द काकूंच्या काळजात रुतला. त्या निघाल्या.

आत गर्दी होती. काकू काकांच्या शेजारी बसल्या आणि त्यांची बाही घट्ट धरून राहिल्या. पुढच्या रांगेत टोपीवाली बसली होती. तिच्या एका बाजूला स्वेटर, शाली, पर्सा, पाण्याच्या बाटल्या ठेवून आठ जागा अडवलेल्या होत्या. भिंतीकडेच्या वाटेत काठ्या टेकत म्हातारी माणसं उभी होती. जो तो कुजबुजत होता, पण बोलायचं कुणी, म्हणून सगळे गप्प. तिसरी टिंग वाजली, दिवे मंदावले, तशी काकूंच्या हातातून बाही निसटली.

त्यांनी हाक मारली, पण काका आता त्यांचे नव्हते. ते ताठ चालत पुढे गेले, खुर्च्यांवरचे स्वेटर आणि शाली दंडावर घेतल्या, पर्सा एकीकडे रचल्या आणि उभ्या असलेल्यांकडे वळले. "या आजी. सावकाश. इथे पायरी आहे." एकेकाला कोपराशी आधार देत त्यांनी तिघांना बसवलंसुद्धा. किती सुरेख करतात, असं काकूंना त्या भीतीतही वाटून गेलं. तेवढ्यात टोपीवालीने काकांना ढकललं. शाली खाली पडल्या आणि दिवे लागले.

पांढऱ्या गणवेशातला एक अधिकारी आला. माणूस सभ्य होता. आजची ही दुसरी तक्रार, असं म्हणून त्याने काकूंना बाजूला घेतलं. लेक आणि जावईही उठून आले होते. लेकीचा चेहरा शरमेने लाल झाला होता.

"मला एकच सांगा," अधिकारी म्हणाला. "यांना काही त्रास आहे का? असेल तर डॉक्टरांना बोलावतो. नसेल, तर मात्र उद्याच्या बंदरावर यांना उतरवावं लागेल."

काकूंना लेकीची नजर आपल्या तोंडावर जाणवत होती. उतरवलं तर उतरवलं. बेअब्रू होईल, पैसे जातील, लेक महिनाभर बोलणार नाही. पण घरी जाता येईल, आपल्या घरी, दोघांना.

"त्रास कसला," त्या म्हणाल्या. "तिरसट आहेत, झालं."

"मग सगळ्यांसमोर माफी मागायला सांगा," टोपीवाली म्हणाली.

काकांनी हे ऐकलं. त्यांनी टाचा जुळवल्या, हात मांड्यांना चिकटवले आणि मान खाली घातली. "चुकलं, साहेब," ते अधिकाऱ्याला म्हणाले. "बाईंना त्रास झाला. पुन्हा होणार नाही. पण मला कामावरून काढू नका. मुलगी लहान आहे अजून."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि बघता बघता हशा पिकला. एकाने टाळ्या वाजवल्या. टोपीवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. बघा, वर आणखी थट्टा करतोय, असं ती प्रत्येकाला सांगत सुटली. लेकसुद्धा ओशाळं हसली आणि म्हणाली, "बाबा, पुरे आता."

गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. लोकांनीच काकूंची सुटका करून टाकली होती. तिरसट तर तिरसट, वर चावटही. पण काकूंना काकांचे हात दिसत होते. मांडीला चिकटवलेली बोटं थरथरत होती. इतके दिवस या बोटीवर आपण एकटीच घाबरलोय असं त्या धरून चालल्या होत्या. समोर हा माणूस नोकरी जाईल म्हणून, मुलीचं कसं होईल म्हणून भीतीने अर्धमेला झाला होता, आणि मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी राहून हसत होती.

"थट्टा नाहीये ही," काकू म्हणाल्या. हसणाऱ्यांकडे वळून पुन्हा म्हणाल्या, "थट्टा नाहीये. हसू नका कुणी."

मग त्या काकांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुमची नोकरी जात नाहीये. मॅनेजरसाहेबांनी स्वतः सांगितलंय मला."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी श्वास सोडला. काकूंनी त्यांचे हात हातात घेतले आणि लेकीकडे न बघता बोलून टाकलं की हे तिरसट नाहीत, कधीच नव्हते, यांना आठवत नाही काही, मीच खोटं बोलत आले. अधिकाऱ्याने बंदराचं पुन्हा नाव काढलं नाही. टोपीवाली खाली वाकून आपल्या शाली उचलायला लागली.

लेकीने आकांडतांडव केलं असतं तर काकूंना बरं वाटलं असतं. ती खोलीत येऊन पलंगाच्या कडेवर बसली आणि खालच्या आवाजात तिने विचारलं, मी कोण ते तरी कळतं का त्यांना? कधी कधी, काकू म्हणाल्या. लेक रडली, डोळे पुसले आणि उठता उठता म्हणाली, घरी गेल्यावर बघू. सासूबाईंच्या वेळीही ती आधी बघू असंच म्हणाली होती. काकूंची त्या रात्री पाचावर धारण बसली.

सकाळी मात्र वेगळंच घडलं. नाश्त्याच्या हॉलशी पोचताच काका काकूंच्या हातातून निसटले आणि दारात जाऊन उभे राहिले. बघता बघता रांग तुंबली. काका हात पुढे करून तिकीट मागत होते. काल याच लोकांनी केवढा आरडाओरडा केला असता! आज कुणी ब्र काढला नाही. बातमी साऱ्या बोटीवर पसरली होती. सगळे डोकी एका बाजूला कलवून काकांकडे बघत होते.

रांगेत सर्वांत पुढे टोपीवाली होती. तिने पर्समधून कागदी रुमाल काढला, मागे वळून इतरांना डोळ्यांनी खुणावलं आणि लहान मुलाशी बोलावं तशा मोठ्या, गोड आवाजात म्हणाली, "हे घ्या हं आजोबा, माझं तिकीट."

काकांनी तो रुमाल घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग तिच्याकडे किंचित झुकून, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेताने ते म्हणाले, "हा कागद आहे, बाई." आणि त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. तिच्या मागून एकेक जण कागदी रुमाल दाखवत, हसत आत गेला. काकांनी नंतर एकाकडेही पाहिलं नाही.

काकू जवळ आल्या, तेव्हा त्यांनी विचारलं, "या बाई काल भांडत होत्या ना माझ्याशी?"

"हो."

"आज का नाही भांडल्या?"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"तू सांगितलंस त्यांना," ते म्हणाले.

म्हणजे यांना ठाऊक होतं. जगापासून लपवताना आपण यांच्यापासूनही लपवतोय असं काकू समजत होत्या, आणि हे आपल्या जागी, एकटेच, तेच लपवत बसले होते. कधीपासून, हे विचारायचा काकूंना धीर झाला नाही. "सांगितलं," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

"भांडत होत्या ते बरं होतं गं," काका म्हणाले.

मग त्यांनी आपणहून काकूंचा हात धरला. त्यांना आत येताना पाहून खुर्च्या सरकल्या, ट्रे घेतलेली माणसं भिंतीला चिकटली, कुणीतरी आपल्या मुलाला मागे ओढलं. हॉलच्या मधोमध चार माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी वाट झाली. त्या मोकळ्या वाटेतून काका कमरेत वाकून, खांदे आवळून घेत, चालू प्रयोगात लोकांच्या पुढून जावं तसे हळूहळू गेले. बसलेल्यांना आपली आडकाठी होऊ नये म्हणून.