घुबडाला दहा वाटाणे

आमचे नवे संचालक मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयातून आले. तिथे त्यांनी एकवीस वर्षं काढली आणि त्या एकवीस वर्षांत एकाही पुतळ्याने जेवायला मागितलं नाही. एवढा दांडगा अनुभव घेऊन ते आमच्या जिवंत प्राण्यांच्या संग्रहालयात रुजू झाले आणि पहिल्याच सकाळी माझ्या खोलीत डोकावून म्हणाले, "इथे वास येतो."

"नाकतोड्यांचा आहे, सर."

"ते कशासाठी ठेवलेत?"

"बाकीच्यांनी खायला."

त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि मान हलवली. पुतळ्यांकडे असलं काही नव्हतं.

नाकतोड्यांची खोली माझ्याकडे आणि माझ्या आत्याकडे आहे. नोकरी दोघींची, हुकूम एकटीचा. तेवीस पेट्या, रोज सकाळी ओलं गवत, रोज दुपारी झाडलोट. शिवाय आत्याकडे एक छोटं घुबड आहे. अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी ते बुटांच्या खोक्यातून आणून दिलं, एक पंख मोडलेला. ते उडत नाही. सगळे त्याला हेडमास्तर म्हणतात, कारण त्याने नुसतं बघितलं तरी आपलं काहीतरी चुकलंय असं माणसाला वाटतं. आत्या त्याला रोज चिमट्याने भरवते आणि भरवताना अशा आवाजात बोलते, जो मी लहान असताना तापाने फणफणले तेव्हाही ऐकला नव्हता.

महिन्याभरात संचालकांनी काचेची मोठी खोली बांधून घेतली. तिच्यात गवत, गवत खाणारे नाकतोडे, नाकतोडे खाणारे सरडे आणि सरडे खाणारं घुबड. उद्घाटनाला दार बंद करायचं ते चाळीस दिवसांनी उघडायचं. मध्ये बाहेरून एक काडीही आत जाणार नाही. निसर्ग आपलं आपण बघून घेईल. निमंत्रणपत्रिकेवर तसं छापूनही झालं होतं.

नकाशा त्यांनी स्वतः काढला होता. खोलीचे चार सारखे कोपरे, एकेका कोपऱ्यात एकेक प्रकार, प्रत्येकी बारा.

"बारा कुंड्या, बारा नाकतोडे, बारा सरडे, बारा घुबडं," ते म्हणाले. "समोरून बघितलं की कसं नीट दिसेल."

"घुबड एकच आहे, सर," आत्या म्हणाली.

"अकरा मागवा."

घुबडं डझनावारी मिळत नाहीत हे त्यांना पटायला दोन दिवस गेले. मग ते एका घुबडावर तयार झाले, पण त्याला उंच चौथरा आणि वरून दिवा हवा, या अटीवर.

आत्याने कॅलेंडर उलटं करून मागे हिशेब मांडला. कुंडीत किलोभर गवत, म्हणजे बारा किलो. एवढ्या गवतावर नाकतोडे पोसायचे तर जेमतेम बाराशे ग्रॅम पोसले जातात. त्यांच्यावर सरडे पोसायचे तर एकशे वीस ग्रॅम. हेडमास्तरांना दिवसाला तीस ग्रॅम लागतं.

"चार दिवस," ती म्हणाली. "पाचव्या दिवसापासून तो दिव्याखाली बसून उपाशी. आणि मला हात घालता येणार नाही."

पेन ठेवताना तिने ते दोनदा ठेवलं. तेव्हा मला कळलं की ती घाबरली आहे.

ती कॅलेंडर घेऊन संचालकांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई," ते म्हणाले, "जंगलात कोण चिमटा घेऊन फिरतं? तिथे घुबडं मरतात का?"

"मरतात की."

"पण चौथऱ्यावर नाही," ते म्हणाले, आणि विषय संपला.

उद्घाटनाला सहा दिवस होते. आत्या परत आली, तेवीस पेट्यांना गवत घातलं आणि म्हणाली, "संचालकांना सगळं आधी मांडून बघायला आवडतं ना? रंगीत तालीम करू या."

ती संचालकांना म्हणाली की पाहुण्यांना समजावण्यासाठी खोलीची एक तालीम माणसांवर करून बघावी, दुपारच्या जेवणात. ते खूश झाले. पुतळ्यांकडे तालीम करायचा प्रश्नच नव्हता. घुबडाची भूमिका त्यांनी स्वतःकडे घेतली, कारण खुर्ची सगळ्यांत उंच होती.

कँटीनवालीने उकडलेल्या वाटाण्यांचं पातेलं आणलं. वाटीत शंभर मावतात, दहा वाट्या, हजार वाटाणे. हे गवत. माळी नाकतोडा झाला. मी सरडा झाले.

"नियम एकच," आत्या म्हणाली. "दहातले नऊ वाटाणे तुम्ही खायचे आणि त्यांच्या जोरावर दिवसभर जगायचं. दहावा पुढे द्यायचा."

नऊ वाट्या खायला माळ्याला संध्याकाळ होईल असा आमचा अंदाज होता. त्याला पंचवीस मिनिटं लागली. मग तो बागेत गेला, कुंपणाची छाटणी केली, शिडी चढला, उतरला, आणि घामाघूम होऊन उरलेली एक वाटी माझ्यापुढे ठेवली. मी त्यातले नव्वद खाल्ले, पेट्या झाडल्या आणि मोठ्या पांढऱ्या ताटात दहा वाटाणे घालून संचालकांच्या उंच खुर्चीपाशी नेले. दोन वाजले होते. सकाळपासून त्यांनी, पोट रिकामं असावं म्हणून, काही खाल्लं नव्हतं.

त्यांनी ताट थोडं तिरकं केलं. वाटाणे एका बाजूला घरंगळले.

"बाकीचे?"

"हेच, सर."

"पातेलं भरलेलं मी पाहिलंय. नऊशे वाटाणे या माणसाने खाल्लेत." त्यांनी जेवणाचा काटा माळ्याकडे रोखला. "ते गेले कुठे?"

माळ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "शिडी चढलो, साहेब."

"मग ते परत दे."

"शिडी उतरलो पण, साहेब. त्यातही गेले काही."

"आणि बाकी?"

"अंग गरम झालं. हे बघा, अजून आहे." त्याने हात पुढे केला. संचालकांनी खरंच हात लावून पाहिला. माळी चांगलाच गरम होता. त्या उष्णतेचं जेवण करता येत नव्हतं.

त्यांनी दहाही वाटाणे एकेक करून खाल्ले आणि निघून गेले. कँटीन तीनला बंद होतं. साडेतीनला ते दार हलवून बघताना माळ्याला दिसले.

साडेचारला ते आमच्या खोलीत आले. वासाबद्दल बोलले नाहीत.

"बाई, सरडा मध्ये कशाला? घुबडाने थेट नाकतोडे खाल्ले तर?"

आत्याने त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "खातं की. मीही देते."

"मग मधला एक टप्पा गेला. एका टप्प्याला दहातले नऊ जातात, ते वाचले. चार दिवसांचे चाळीस झाले." त्यांचे डोळे चमकत होते, भुकेने असेल. "बरोबर चाळीस. पत्रिका बदलायला नको."

मी कॅलेंडरवर पाहिलं. हिशेब चोख होता. आमच्याच वाटाण्यांनी आमच्यावर डाव उलटवला होता. आत्याचा चेहरा उतरला.

"हिशेब बरोबर आहे, सर," ती हळूच म्हणाली. "पण नाकतोडा उडी मारतो आणि याचा पंख मोडलेला आहे. ढीगभर नाकतोड्यांत बसून उपाशी मरेल तो. अकरा वर्षं मी भरवतेय."

संचालक विचारात पडले. एकवीस वर्षांत त्यांना भरवावं लागणारं कोणी भेटलंच नव्हतं.

"मग तुम्हीही आत बसा," ते म्हणाले. "चाळीस दिवस. भरवा."

"बसते," आत्या म्हणाली. ती खरंच बसली असती. "पण मी काय खाऊ?"

त्यांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि आत्याला आधी उंचीत, मग रुंदीत मोजलं. मग बाहेर गेले. खिडकीतून आम्हाला ते हिरवळीवर वाकून मोजपट्टी लावत चालताना दिसत होते. कोपऱ्यावरच्या पोस्ट ऑफिसपर्यंत गेले, वळले, दिसेनासे झाले. अर्ध्या तासाने धापा टाकत आले.

"पोस्टाच्या पलीकडच्या मैदानापर्यंत गवत लागतंय. तेही तुम्ही स्वतः गवत खाणार असाल तर."

"मी गवत खात नाही, सर."

"मग याच्या दहापट." ते नाकतोड्यांच्या पेटीवर बसले. "म्हणजे नदी ओलांडावी लागेल. एवढी काच नाही आपल्याकडे."

पेट्यांतून कुरकुर आवाज येत होता. नाकतोडे जेवत होते.

"घुबड राहू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. "चौथरा काढायला सांगतो. त्या जागेत आणखी कुंड्या बसतील."

आत्याने स्वतःचा डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो संपवला, झाकणासकट पुसून.

उद्घाटनाला काचेची खोली जवळजवळ सगळी गवतच होती. नाकतोडे शोधावे लागत होते, सरडे तर दोनच, तेही कोणी बोट दाखवल्याशिवाय दिसत नव्हते. प्रमुख पाहुणे अंगाने भरलेले गृहस्थ होते. त्यांनी काचेला नाक लावलं आणि विचारलं, "पत्रिकेत घुबड होतं ना?"

"आहे. मागच्या दाराने जा, बाई दाखवतील," संचालक ठामपणे म्हणाले. "या खोलीत घुबड बसतं, घुबडाला लागणारं रान बसत नाही."

मग त्यांनी पाहुण्यांना सगळी साखळी समजावली, वाटाण्यांसकट, आणि शेवटी एका माणसामागे किती गवत लागतं तेही सांगितलं. सांगताना त्यांची नजर पाहुण्यांच्या खांद्यांवरून पोटाकडे गेली आणि हात खिशातल्या मोजपट्टीकडे.

चहाच्या वेळी पाहुण्यांनी मांसाचं दुसरं सँडविच उचललं, खिडकीबाहेरच्या हिरवळीकडे पाहिलं आणि ते ताटात परत ठेवलं.

"घ्या हो," संचालक म्हणाले. "ते गवत केव्हाच खाऊन झालंय."