पिवळं कार्ड

तिसऱ्यांदा बादलीच्या कडीला पिवळं कार्ड दिसलं, तेव्हा तिने ऑफिसची घाई बाजूला ठेवली आणि फाटकाशी ओळीने मांडलेल्या सगळ्या बादल्या न्याहाळल्या. झाडून सगळ्यांना हिरवं. पिवळं फक्त तिच्या बादलीला. मागे पेनाने खरडलेलं, 'शिजवलेलं अन्न.'

नियम साधा होता. तपकिरी बादलीत फक्त कच्चा ओला कचरा: सालं, देठं, चहाचा चोथा. शिजवलेलं खतात गेलं की उंदीर येतात. तीनदा पिवळं, चौथ्यांदा लाल, आणि मग कचरागाडीवाले बादलीच उचलून नेतात.

"आपण शिजवलेलं टाकतच नाही," वर येऊन ती म्हणाली. "कोणीतरी आपल्या बादलीत टाकतंय."

"कोण कशाला टाकेल?" नवरा बुटाची नाडी बांधत म्हणाला.

"ज्याला स्वतःचं कार्ड हिरवं ठेवायचंय, तो."

"तुझी नोकरी चुकली बघ. तपास खात्यात हवी होतीस."

सासूबाई बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या होत्या. "जाऊ दे गं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "कचराच तो."

तिला जाऊ देता येत नव्हतं. हल्ली काहीच जाऊ देता येत नव्हतं. बाळ आठ महिन्यांचं झालं होतं आणि दोन महिने वजनाचा काटा हलला नव्हता. ती रोज सकाळी गाजर-भात शिजवून घोटून ठेवायची, दिवसभर सासूबाई भरवायच्या, आणि संध्याकाळी विचारून विचारून ती वहीत लिहायची. दुपारी पूर्ण वाटी. चारला पूर्ण वाटी. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली होती आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली होती. "एवढं खाऊनही वजन नाही, म्हणजे आत काहीतरी असणार. शुक्रवारी रक्त काढू. गरज पडली तर दाखल करून घेऊ."

तेव्हापासून तिला पाण्याचा संशय होता, भिंतीच्या रंगाचा होता, दवाखान्यातल्या वजनकाट्याचा होता. आता त्यात तळमजल्यावरच्या दुर्बीणकाकांची भर पडली. निवृत्त गृहस्थ, दिवसभर खिडकीत. कोण किती वाजता आलं, कोणाच्या पिशवीत काय होतं, सगळं तोंडपाठ. एकटेच राहायचे, म्हणजे उरलंसुरलं अन्न असणारच. आणि त्यांची बादली तिच्या बादलीला खेटून.

बुधवारी संध्याकाळी तिने बादली स्वतः खाली नेली. झाकण लावून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारली आणि पट्टीवर नखाने बारीक फुली ओढली. दुर्बीणकाका खिडकीतून म्हणाले, "काय सूनबाई, कचऱ्याला कुलूप?"

"हो काका. कचऱ्यालाही पाय फुटतात हल्ली."

काका हसले. जरा जास्तच हसले, असं तिला वाटलं.

सकाळी गाडी यायच्या आधीच ती फाटकात जाऊन उभी राहिली. पट्टी जशीच्या तशी. फुलीसुद्धा. तिला विजयी वाटलं. आज कार्ड हिरवंच.

गाडीवरच्या मावशींनी पट्टी टराटरा काढली, झाकण उघडलं आणि लोखंडी आकड्याने वरची सालं बाजूला केली. खालून वर्तमानपत्राची एक पुडी निघाली. त्यांनी ती आकड्यानेच उलगडली. आत घोटलेला गाजर-भात. दोन वाट्या तरी असेल.

"तिन्ही वेळा असंच होतं ताई," मावशी म्हणाल्या. "सालींच्या खाली, कागदात गुंडाळून. चुकून पडलेलं असं दिसत नाही. लपवलेलं असं दिसतं." त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "घरात लहान बाळ आहे का?"

बादली भरल्यापासून खाली आणेपर्यंत घरात कोण कोण असतं, हे मोजायला तिला वहीची गरज नव्हती.

ती पुडी हातात घेऊन जिना चढली. प्रत्येक पायरीवर नवा संशय. आळस? कंटाळा? की मुद्दाम? मी नोकरी सोडावी म्हणून?

सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पुडी पाहिली आणि हातातला चमचा वाटीत ठेवला.

"खात नाही गं तो," त्या म्हणाल्या. "चार चमचे खातो आणि तोंड फिरवतो."

"मग रोज पूर्ण वाटी कोणी सांगितली मला?"

"पहिल्या आठवड्यात खरंच सांगितलं होतं. चार चमचे. तू खांद्यावरची पर्सही न काढता बाथरूममध्ये जाऊन रडलीस. जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी मी आठ सांगितले, तर तू जेवलीस. मग वाढवत गेले."

"आई, त्याच्या हातात सुई टोचणार होते उद्या! माझ्या चेहऱ्यासाठी?"

"मला वाटलं, आज ना उद्या खायला लागेल." सासूबाईंचा आवाज फाटला. "आणि तू संध्याकाळी दारातून आत येणार, म्हणून मी दुपारी चारपासूनच घाबरलेली असते. परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी."

बाळाने वाटीत हात बुडवला आणि तो आजीच्या पदराला पुसला. दोघींनीही ते पाहिलं, कोणीच ओरडलं नाही.

तिला खूप काही बोलायचं होतं. ती वही घेऊन आली आणि सासूबाईंसमोर टेकली. "पहिल्यापासून सांगा. आठवेल तसं."

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी खाडाखोड केलेली पानं पाहिली. "आता हे खरं?"

"मी खाली सही केलीय," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आधी दोघींकडे पाहिलं, मग रक्ततपासणीच्या कागदावर रेघ मारली. "आधी पोटात जाऊ दे, रक्ताचं पंधरा दिवसांनी बघू. वाटी विसरा. चार-चार चमचे, दिवसातून पाच वेळा. आणि भरवताना त्याच्याकडे टक लावून बघत बसू नका."

बादलीचं लाल कार्ड मावशींनी लावलंच होतं, बादली गेलीच. नवी मिळायला महिना लागणार होता.

सोमवारी ती घरी आली तेव्हा ओट्यावर वाटी झाकून ठेवलेली होती. तिने झाकण उचललं. निम्म्याला जरा कमी उरलं होतं.

"पुरावा ठेवलाय," सासूबाई आतून म्हणाल्या. "सहा चमचे खाल्ले त्याने. मोज हवं तर."

तिने चमचा उचलला. मग पर्स काढून खुंटीला अडकवली, उरलेलं तिथेच उभ्याने खाऊन टाकलं आणि वहीत लिहिलं, 'सहा चमचे.' मग क्षणभर थांबून कचऱ्याच्या डब्यात डोकावून पाहिलंच. आत फक्त सालं होती.