रुपेरी कागदाचं नाव काढायचं नाही

मित्रांनो, मी एका जुन्या जर्मन रडारची गंजलेली थाळी आहे. थाळी म्हटलं तरी माझ्यात अख्ख्या वऱ्हाडाची पंगत बसेल. युद्धाच्या दिवसांत मला हॅम्बुर्गबाहेरच्या एका कुरणात, गाईंच्या शेजारी उभं केलं होतं. ढगाआडचं विमान मला दिसायचं. मी जागा दाखवायचे, मग तोफा धडाडायच्या आणि माझं कौतुक व्हायचं. वरून जळत पडणारी पोरंही कुणाची तरी होती, हा विषय त्या कौतुकात कधी निघाला नाही.

माझ्या पडद्यासमोर वीबके नावाची तरुण पोरगी बसायची. तिची आई शहरात राहायची. 'माझी पोरगी पहाऱ्यावर आहे, मी कशाला पळू?' असं ती शेजारणींना सांगायची.

एकदा आमच्याच शास्त्रज्ञांनी विमानातून रुपेरी कागदाच्या पट्ट्या सोडून पाहिल्या. प्रत्येक झुबका मला विमानच वाटला. मी पार आंधळी झाले. आता उपाय शोधतील, असं वाटलं. पण वरून हुकूम आला : या कागदाचं नाव काढायचं नाही, शत्रूला सुचेल. नाव न काढता उपाय शोधता येईना, म्हणून उपायही बंद.

नाताळात आमच्या ठाण्याचे सार्जंट हिनरिक्स यांनी नाताळच्या झाडावरच्या रुपेरी झिरमिळ्या स्वतः उतरवल्या.

"साहेब, त्या माझ्या आईनं दिल्यात," वीबके म्हणाली.

"तुझ्या आईला हे गुपित कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. तेच तर विचारायचंय. मी सांगू? ती माझ्या भरवशावर शहरात बसलीय हो."

"पोरी, तुरुंगात जाशील. मलाही नेशील."

जुलैत शत्रूला आपलं आपणच सुचलं. माझा पडदा भरून गेला.

"किती विमानं?" मुख्यालयानं फोनवर विचारलं.

"अकरा हजार," वीबके म्हणाली.

"एवढी जगात तरी आहेत का?"

"नाहीत. हा काग..."

सार्जंटनी झटकन फोन हिसकावला. "अकराच हजार, साहेब. थोडी कमी-जास्त."

तोफांनी आभाळभर कागद फोडला. खरी विमानं शहरावर गेली. त्या आठवड्यात ती पुन्हा पुन्हा आली.

आईला शोधायला गेलेली वीबके परतली, तेव्हा सार्जंट टोपी हातात घेऊन उभे होते.

"घर सापडलं?"

"गल्लीच सापडली नाही."

सार्जंट हळूच म्हणाले, "परवानगी आलीय, पोरी. आता बोललं तरी चालतं."

"कुणाशी?" वीबकेनं विचारलं.

मित्रांनो, माझा गंज काढू नका, मला रंगही नको. पण तुमच्यातलं कुणी घाबरत घाबरत 'मला दिसतंय' म्हणालं, तर त्याचं बोलणं वेळेवर ऐका.