पृष्ठे एक्केचाळीस ते अठ्ठावन्न

मॅडमनी स्वतःचं नाव शोधपेटीत तिसऱ्यांदा टाकलं. या वेळी आडनाव आधी. संगणकाने क्षणभर विचार केल्याचं नाटक केलं आणि मागच्या दोन वेळांसारखेच चार लेख दाखवले. चारही ओळखीचे होते. त्यातले दोन फारसे बरे नव्हते, हेही मॅडमना आठवत होतं. पाचवा मात्र नव्हता.

पाचवा होता तो समोरच्या मागणीपत्रात. दूरशिक्षणाच्या एका विद्यार्थिनीने तो मागवला होता. लेखिका म्हणून मॅडमचं पूर्ण नाव, ‘ग्रंथालय टपालाने जाते तेव्हा’ हे शीर्षक, एका जुन्या त्रैमासिकाचा बारा वर्षांपूर्वीचा तिसरा अंक, पृष्ठे एक्केचाळीस ते अठ्ठावन्न. शीर्षक छान होतं. मॅडमना सुचलं असतं, असंच. अठरा पानं म्हणजे महिनाभराचं काम, आणि त्या महिन्यातलं एक वाक्यही त्यांना आठवत नव्हतं.

एकोणतीस वर्षं त्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयात होत्या. पूर्वी दूरच्या विद्यार्थ्यांना पुस्तकांची पार्सलं सुतळीने बांधून पाठवायच्या, आता दुवे पाठवायच्या. दुव्यांना सुतळी लागत नाही, पण तेही वाटेत सुटतात. उरलेल्या वेळात प्राध्यापकांचे लेख विद्यापीठाच्या संशोधन-भांडारात नोंदवायच्या. न लिहिलेले लेख आपले म्हणणारे प्राध्यापक त्यांनी पुष्कळ पाहिले होते. लिहिलेला लेख विसरलेला एकही पाहिला नव्हता. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना त्या एकच गोष्ट बजावून सांगायच्या : आठवणीवर विसंबू नका, संदर्भ पाहा.

संदर्भ समोर होता.

ताईचं असंच सुरू झालं होतं. ताई म्हणजे थोरली बहीण, मुख्याध्यापिका. शाळेतल्या सातशे मुलांची नावं तोंडपाठ. सत्तावन्नाव्या वर्षी एकदा स्वतःचाच अहवाल हातात घेऊन तिने विचारलं होतं, ‘‘माझ्या अक्षरात हे कुणी लिहिलंय गं?’’ सगळे हसले होते. ताईही हसली होती. ती अजून हसते, पण कशाला ते तिला सांगता येत नाही. दोघी बहिणींचं नाक एक, आवाज एक. फोनवर भावजीही फसायचे. मॅडमना आता सत्तावन्नावं चालू होतं.

त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

‘‘अहो, बारा वर्षांपूर्वी मी काही लिहीत होते का?’’

‘‘तू? तेव्हा सामानाची यादीसुद्धा मी लिहायचो.’’

‘‘नीट आठवा ना.’’

‘‘मला काल काय खाल्लं ते आठवत नाही, आणि तू बारा वर्षांपूर्वीचं विचारतेस! का गं?’’

‘‘काही नाही. सहज.’’

विसरभोळेपणाची अशी ऐट मिरवणं नवऱ्याला परवडत होतं.

त्रैमासिक कधीच बंद पडलं होतं. ते संगणकावर नव्हतं. बांधीव खंड तेवढे तळघरात होते. तळघराच्या जिन्याशी बाइंडरचं टेबल. बाइंडरला सगळे डिंकराव म्हणत, आणि बोटांना काही ना काही चिकटलेलं असल्यामुळे त्यांनाही ते नाकारता येत नसे. दाढ काढल्यामुळे आठवडाभर रजेवर होते. आज शुक्रवारी एक गाल घेऊन हजर झाले होते. दुसरा अजून फुगलेला होता.

‘‘लेख लिहिलात आणि आम्हाला पत्ता नाही?’’ सगळं ऐकून ते चांगल्या गालाने म्हणाले. ‘‘लोक दारू लपवतात, मॅडम. लेख कोण लपवतं?’’

‘‘चला हो. दिवा लावा आधी.’’

खाली गार होतं. खंड कपाटात नव्हता. शेजारच्या टेबलावर आडवा पडला होता.

‘‘बघा. काढतात आणि टाकून जातात. जागेवर ठेवायला यांचे हात मोडतात.’’ डिंकरावांनी खंडाची पाठ बाळाची थोपटावी तशी थोपटली. ‘‘घ्या, उघडा.’’

‘‘तुम्हीच उघडा.’’

मॅडमनी कपाटाची कड धरली होती. हिशेब सोपा होता : लेख असला, तर त्या स्वतः हळूहळू नाहीशा होऊ लागल्या होत्या.

‘‘तिसरा अंक... एक्केचाळीस.’’ डिंकरावांनी चष्मा वर केला. ‘‘ ‘जुन्या ग्रंथांतील वाळवी : कारणे व उपाय’. लेखक कुणी भलतेच गृहस्थ आहेत.’’ त्यांनी पानं उलटली. ‘‘अठ्ठावन्नपर्यंत वाळवीच आहे, मॅडम. तुमचा लेख हिनेच खाल्ला असणार.’’

मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की डिंकरावांनाही हसू फुटलं, आणि त्यांना गाल धरून खाली बसावं लागलं.

जिना चढताना सगळा उलगडा झाला. हल्ली विद्यार्थी संदर्भांची यादी संगणकाकडूनच तयार करून घेतात, आणि तो खरी नावं, खरी नियतकालिकं घेऊन न झालेले लेख बेधडक रचून देतो. अशा याद्या मॅडमकडे आठवड्याला दोन-तीन यायच्या. हे सकाळीच सुचायला हवं होतं. ते का सुचलं नाही, हा प्रश्न पाठोपाठ जिना चढत होता. त्यांनी तळघराचं दार लावून घेतलं.

मग मागणीपत्रावरचा नंबर फिरवला. विद्यार्थिनी दूरच्या गावी रुग्णालयात परिचारिका होती. मागे कुठलीशी ट्रॉली खडखडत होती.

‘‘तुम्ही मागवलेला माझा लेख,’’ मॅडम अजून खुशीत होत्या, ‘‘अस्तित्वातच नाही! त्या पानांवर काय आहे, सांगू?’’

‘‘वाळवी,’’ परिचारिका म्हणाली.

मॅडमनी मागणीपत्र पुन्हा समोर ओढलं.

‘‘मंगळवारीच सांगितलंत ना मॅडम तुम्ही. किती हसलो आपण. मी म्हटलंसुद्धा, ती यादी मशीनची आहे, सोडून द्या.’’

‘‘हो, हो,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘नोंद बंद करायची राहिली होती. म्हणून.’’

ट्रॉलीचा आवाज थांबला. परिचारिका बहुधा कडेला जाऊन उभी राहिली.

‘‘मॅडम, बऱ्या आहात ना?’’

‘‘आहे की.’’ मॅडमनी हातातला रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. ‘‘मंगळवारी... आपण आणखी काय बोललो?’’

‘‘ताईंचं सांगत होतात. मी आमच्या इथल्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तुम्ही म्हणालात, थांबा, लिहून घेते.’’

टेबल स्वच्छ होतं. मॅडमनी खण ओढून पाहिला, मिटला. एक कोरा कागद घेतला, त्यावर तारीख घातली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून ती पडताळली.

‘‘सांगा,’’ त्या म्हणाल्या.

परिचारिकेने डॉक्टरांचं नाव सांगितलं, मग पत्ता, मग भेटीची वेळ. आणि कुणी न विचारता ते सगळं सावकाश पुन्हा एकदा सांगितलं.