चढाचा ब्रेक

अप्पांची मोटार धामापूरच्या तळ्यात गेली. आता हे वाक्य विसरा. ती तळ्यात गेलीच नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. कारण दुसऱ्या दिवशी शुभदाचं लग्न होतं आणि मालवणच्या व्याह्यांची एकच अट होती, नवरी मोटारीतून यावी. शुभदा अप्पांची मुलगी, अप्पा माझे काका. एकसष्ट साली गावात मोटार होती ती त्यांचीच. ब्रेक मात्र नव्हते.

म्हणून आम्ही दोघे कुडाळला धोंडू फिटरकडे गेलो. धोंडूचा दर सचोटीचा मानला जाई. गाडी थांबली तर मजुरी, नाही थांबली तर फुकट. त्यानं चाकं काढली, लायनिंग बदललं, थोडं ब्रेक ऑइल गाडीत आणि बरंचसं स्वतःच्या लेंग्यावर ओतलं. मग अप्पांना समोरच्या चढावर गाडी घालायला लावली. अर्ध्या चढात अप्पांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली.

"बगलास?" धोंडू म्हणाला.

"मजुरी घराक पोचल्यार देतंय," अप्पा म्हणाले. म्हणून धोंडूही मागच्या सीटवर बसला.

धामापूरचा उतार लागला. अप्पांनी ब्रेक एका पायानं दाबला, मग दोन्ही पायांनी, मग भगवतीला हाक मारली. गाडी जिथे गेलीच नाही तिथे गेली. पाणी सीटपर्यंत आलं.

"थांबली मरे?" मागून धोंडू म्हणाला. "मजुरी द्येवा."

"रे मेल्या, तळ्यात थांबली!"

"खंय थांबाक व्हयी ता तुमी खंय सांगितलास?"

अप्पा गोंधळले. मीही गोंधळलो. ठरल्याप्रमाणे गाडी थांबली तर होतीच.

"मगे चढार कशी थांबली?"

"चढाचो ब्रेक बरो आसा, अप्पानू. उताराचा काम वेगळा."

सकाळी बैल जुंपून मोटार बाहेर काढली. बैल सोडायचा धीर कुणाला झाला नाही, तेव्हा शुभदा तशीच मालवणला गेली. पुढे बैल, मागे मोटार, आत ओल्या सीटवर नवरी. व्याही कधी बैलांकडे बघत, कधी मोटारीकडे.

"गाडीत काही बिघाड?"

"छे! आमच्याकडे रीतच आहे तशी," अप्पा म्हणाले. लग्न लागलं.

आम्ही परतलो तर धोंडू पडवीत मजुरीची वाट बघत बसलेला. अजून बसलेला आहे, कारण बाब वर सरकारात गेली आहे; तिथून उत्तर आलं की मजुरी. अप्पांनी सांगितलं, मी लिहिलं:

"मेहेरबान बांधकाम खात्याचे साहेब यांस, अर्जदाराच्या मोटारीचे ब्रेक चढावर उत्तम लागतात. तरी कुडाळ-मालवण रस्ता जाताना व येताना, दोन्ही वेळी, चढाचाच करून मिळावा, ही विनंती."